हाताला मानवेल ते

परीक्षा संपल्या आणि सुटीबरोबर आमच्या घरात भांडणही सुरू झालं. एका बाजूला आमचे चिरंजीव, यंदा दहावीत जाणारे. दुसऱ्या बाजूला हुबळीहून सुटीला आलेला पुतण्या, वयानं दोन वर्षांनी मोठा. भांडण आंब्यांवरून नव्हतं की खिडकीजवळच्या जागेवरून नव्हतं. कॉम्प्युटरवर गेम खेळायला कीबोर्ड आणि माऊस चांगला, की प्लेस्टेशनसारख्या कन्सोलचा कंट्रोलर चांगला, हा प्रश्न होता. पुतण्यानं आपला कंट्रोलर बॅगेत कपड्यांच्या घडीत गुंडाळून आणला होता. वायर लावली की तो कॉम्प्युटरलाही चालतो. चिरंजिवांचं म्हणणं, ते लहान पोरांचं खेळणं आहे, खरे खेळाडू माऊसच वापरतात. पुतण्याचं म्हणणं, कीबोर्ड टायपिंगसाठी असतो, खेळायला नव्हे. एक मराठीत भांडत होता, दुसरा कन्नडमध्ये, आणि दोघांनाही एकमेकांचा शब्द न् शब्द कळत होता. आपल्याकडच्या घरांना यात नवल वाटायचं कारण नाही.

शेवटी निवाडा माझ्याकडे आला. "काकू, नीवऽ हेळ्री," पुतण्या म्हणाला. मी कॉलेजात मराठी शिकवते. 'तुलना करा' या प्रश्नाची शेकडो उत्तरं दरवर्षी तपासते. 'दोन्ही आपापल्या जागी चांगले आहेत' असं लिहून मोकळ्या होणाऱ्या विद्यार्थ्याला मी आठापैकी दोनच गुण देते, हे चिरंजिवांना ठाऊक आहे. त्यामुळे तसं बोलून सुटका नव्हती. मग दोन संध्याकाळी मी त्या दोघांच्या मध्ये खुर्ची टाकून बसले. दोन्ही प्रकार हातात घेऊन पाहिले, हरले आणि विचारत राहिले.

तसा हा विषय मला अगदीच परका नाही. माझं माहेर शहापूरचं. नव्वदच्या दशकात आमच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. वर कॅसेट खोचायची, पडद्यावर मुंग्या आल्या की ती काढून फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. हातात चपटा कंट्रोलर. त्यावर डावीकडे अधिकच्या चिन्हासारखी कळ, उजवीकडे गोल बटणं. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, त्यात पटाईत होता. मी इतक्या जोरात दाबायची की अंगठ्याला घट्टा पडायचा. "अंगठा नुस्ता ठेव गं, दाबू नको," असं तो सांगायचा. अंगठा न उचलता नुसता कलवला की उडी नेमकी पडते, हे मला त्यानं शिकवलं.

त्या अधिकच्या चिन्हामागे मोठी सोय आहे. 1977 साली आलेल्या अटारीच्या कन्सोलला उभी दांडी आणि एकच लाल बटण होतं. दांडी हलवायला सगळी मूठ लागायची. पुढे जपानच्या निन्टेन्डो कंपनीतले गुनपेई योकोई यांनी 1982 साली खिशात मावणाऱ्या एका खेळासाठी ही अधिकच्या आकाराची कळ वापरली. मुठीचं काम एका अंगठ्यावर आलं. आजच्या बहुतेक कंट्रोलरवर ती कळ कुठे ना कुठे दिसते.

आता मूळ वादाकडे वळते. दोन संध्याकाळी मला जो मुख्य फरक कळला तो असा. माऊस हात जितका हलतो तितकंच हलवतो. तुम्ही चार बोटं सरकवलात की पडद्यावरची नजर तेवढ्याच प्रमाणात वळते, आणि हात थांबला की तीही थांबते. म्हणजे बोटानं दाखवण्यासारखंच हे काम आहे. समोरच्या झाडावरचा पिकलेला आंबा दाखवताना आपण विचार करत नाही, बोट सरळ तिथे जातं. कंट्रोलरवरच्या छोट्या स्टिकचं तसं नाही. ती अंगठ्यानं कलवायची असते. जितकी जास्त कलवाल तितक्या वेगानं नजर वळते, आणि स्टिक मध्यावर परत आणेपर्यंत वळतच राहते. म्हणजे माऊस जागा सांगतो आणि स्टिक वेग सांगते. नेमक्या ठिकाणी थांबायचं तर स्टिकवाल्याला वेग आणि वेळ दोन्ही सांभाळावं लागतं. म्हणून त्याची नजर निशाणाच्या पुढे जाते, मग मागे येते. माऊसवाला तोपर्यंत नेम धरून मोकळा झालेला असतो.

म्हणून नेमबाजीच्या खेळात माऊसचं पारडं जड, हे मला मान्य करावं लागलं. चिरंजिवांनी इतिहासातला दाखलाही दिला. 1997 साली अमेरिकेत 'क्वेक' या खेळाची स्पर्धा झाली. ती डेनिस फाँग या तरुणानं जिंकली. 'थ्रेश' या नावानं खेळाडू त्याला ओळखतात. बक्षीस म्हणून त्याला हा खेळ तयार करणाऱ्यांपैकी जॉन कारमॅक यांची स्वतःची फेरारी गाडी मिळाली. त्याचा उजवा हात माऊसवर असे आणि डाव्या हाताची बोटं डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांवर. आज कॉम्प्युटरवर खेळणारं जवळजवळ प्रत्येक पोर डावा हात तिथेच ठेवतं. मधलं बोट डब्ल्यूवर, करंगळीशेजारचं एवर, तर्जनी डीवर आणि अंगठा खालच्या लांब कळेवर. हा तपशील ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुतण्या गप्प बसणारा नव्हता. त्यानं गाड्यांची शर्यत लावली. कीबोर्डची कळ एक तर दाबलेली असते, नाही तर सुटलेली. 'थोडं डावीकडे' हा प्रकार तिला माहीत नाही. चिरंजीव वळणावर टकटक टकटक करत कळ दाबत होते आणि गाडी दारू प्यायल्यासारखी चालत होती. पुतण्याचा अंगठा स्टिकवर हलकेच कललेला, उजवी तर्जनी मागच्या चापावर अर्धी दाबलेली, आणि गाडी वळणाला चिकटून जात होती. फुटबॉलमध्येही तसंच. हळू चालणं, पळणं आणि जीव खाऊन धावणं या तिन्ही गोष्टी एकाच स्टिकच्या कमी-जास्त कलण्यात येतात. असा अंगठ्याचा छोटा स्टिक 1996 साली निन्टेन्डोच्या कन्सोलबरोबर घरोघरी गेला. 1997 मध्ये सोनीनं दोन स्टिकवाला कंट्रोलर आणला. आज सगळ्यांनी तीच मांडणी धरली आहे. नेमबाजीतली उणीवही कन्सोलवाल्यांनी हुशारीनं झाकली. 2001 सालच्या 'हेलो'सारख्या खेळात निशाण शत्रूजवळ आलं की वळण्याचा वेग आपोआप मंदावतो, म्हणजे अंगठ्याला थोडी मदत मिळते. चिरंजीव तिला फसवणूक म्हणतात. मी म्हटलं, वरच्या वर्गातले लांबच्या वर्णमाला वाचायला चष्मा लावतात, त्याला आपण फसवणूक म्हणतो का?

कीबोर्डची आणखी एक तक्रार माझ्या पिढीला आठवत असेल. एकाच कीबोर्डवर दोघं जण क्रिकेट खेळायचे आणि ऐन वेळी बॅट फिरायचीच नाही. मग 'तू माझी कळ दाबून ठेवलीस' म्हणून मारामारी. खरं तर दोष कुणाचाच नव्हता. कळांखाली आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. स्वस्त कीबोर्डवर काही ठरावीक तीन-चार कळा एकदम दाबल्या तर नेमकी कोणती दाबली हे त्याला ओळखता येत नाही, आणि तो सरळ नकार देतो. कंट्रोलर दोन असले की हे भांडण उरत नाही. भावंडं असलेल्या घरांनी ही गोष्ट विसरू नये. उलट नकाशावर शेकडो शिपाई हलवायचे, गावं वसवायची अशा खेळात कंट्रोलर हातात घेऊन बसणं म्हणजे दोन अंगठ्यांनी तांदूळ निवडणं.

मोबाइलची बाजूही ऐकून घेतली. काचेला कड नसते, खळगा नसतो. अंगठा बटणावरून केव्हा घसरला ते न बघता कळत नाही, आणि तोच अंगठा पडद्याचा कोपरा झाकतो. 2006 साली निन्टेन्डोनं हातात धरून हवेत फिरवायचं यंत्र आणलं होतं. टेनिसची रॅकेट फिरवावी तसा हात फिरवायचा. कळा पाठ करायच्या नसल्यामुळे आजी-आजोबाही खेळू शकले. पण सोफ्यावर रेलून तासभर खेळणाऱ्याला ते नको होतं.

तर मी कागदावर निकाल लिहिला. नेमबाजी आणि नकाशाचे खेळ माऊसकडे. गाड्या, फुटबॉल, उड्या आणि भावंडांचे खेळ कंट्रोलरकडे. कारणांसह. दोघांनीही कुरकुरत मान्य केला. मला वाटलं, आठापैकी सात तरी गुण आहेत.

रविवारी दादा जेवायला आला.

दादाबद्दल थोडं सांगायला हवं. तो उद्यमबागेत पत्र्याच्या कामावर होता. 2019 साली पॉवर प्रेसवर काम करताना त्याच्या डाव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. तेव्हापासून तो हात खिशात किंवा मांडीवरच्या टॉवेलखाली असतो. भाऊबीजेला मी ओवाळताना सुद्धा तो बाहेर येत नाही. आमच्याकडे आला तरी तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसतो, चहा उजव्या हातानं घेतो, आणि पोरं काही दाखवायला आली की, "राहू दे, तुम्ही खेळा," म्हणतो.

त्या दिवशी चिरंजिवांना काय वाटलं कोण जाणे. आई सांगते तू लहानपणी फार छान खेळायचास, असं म्हणून त्यांनी मामाला हाताला धरून कॉम्प्युटरसमोर बसवलं. कीबोर्ड पुढे ओढला. आणि मग त्यांची नजर त्या चार कळांवर गेली. मधलं बोट, करंगळीशेजारचं बोट, तर्जनी. नेमकी तीच. पोराचा चेहरा उतरला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. माझा निकालाचा कागद अजून कॉम्प्युटरशेजारीच पडला होता. त्यात मी यंत्रांची तुलना केली होती, खेळांची केली होती. हात कुणाचा, हा प्रश्नच मी विचारला नव्हता. प्रत्येक हाताला पाच बोटं धरूनच मी चालले होते, आणि माझा सख्खा भाऊ त्या हिशेबात बसत नव्हता.

पुतण्यानं काही न बोलता आपला कंट्रोलर पुढे केला. "मामा, हिडीरी," म्हणाला, म्हणजे धरा. दादानं आधी उजव्या हातानं घेतला. मग खिशातला हात बाहेर काढला. स्टिकवर डावा अंगठा बरोबर बसला. तळवा आणि करंगळीवर कंट्रोलर पेलेना, तेव्हा चिरंजिवांनी मांडीवर उशी आणून ठेवली. अडचण एकच राहिली. शर्यतीत ब्रेक डाव्या तर्जनीच्या चापावर असतो, आणि तर्जनी नाही. पुतण्यानं खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन ब्रेक उजव्या अंगठ्याखालच्या बटणावर नेला. दोन मिनिटांचं काम. पैसा लागला नाही. ही सोय बहुतेक खेळांत असते. आम्ही तिला हात लावलेला नव्हता, कारण आम्हाला गरज पडली नव्हती.

पहिल्या शर्यतीत दादा शेवटचा आला. दुसऱ्या शर्यतीत गाडी ओढ्यात घातली. तिसऱ्यात चौथा आला आणि त्यानं कन्नडमध्ये एक अस्सल शिवी हासडली. ती इथे छापता येणार नाही. आमच्या अत्ती देवघरातून बाहेर आल्या. आत्तापर्यंतचा सगळा वाद त्यांनी जपमाळ ओढत ऐकलेला होता. दादाच्या हाताकडे त्यांनी पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "कैगे यावुदु होंदतद, अदऽ छलो." हाताला जे मानवतं तेच चांगलं.

खेळ थांबल्यावर दादा पहिल्यांदा त्या मशीनबद्दल बोलला. पोरांना म्हणाला, "त्या प्रेसला पण दोन बटणं होती रे. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय ती खाली येऊ नये, म्हणून लांब लांब बसवलेली. दोन्ही हात बटणावर असले की एकही हात डायखाली नसतो." मग नगावर पैसे मिळतात म्हणून, काम उरकायला, एका बटणात पाचर मारून ठेवली जायची. उजव्या हातानं एक बटण दाबायचं आणि डाव्या हातानं पत्रा सरकवायचा. "बटण कुठं बसवायचं हे कुणीतरी हाताचा विचार करून ठरवलेलं असतं बघा. आम्ही ते मोडलं." पोरं गप्प बसली. मीही.

नंतर मी चौकशी केली तेव्हा कळलं की असा विचार जगात इतरांनीही केला आहे. 2018 साली मायक्रोसॉफ्टनं अपंग खेळाडूंसाठी एक कंट्रोलर बाजारात आणला. वर दोन मोठ्या चकत्या आणि मागे ओळीनं 19 भोकं. त्यात पायानं दाबायची कळ, कोपरानं ढकलायची दांडी, ज्याला जे जमेल ते जोडायचं. 2023 साली सोनीनंही तशाच हेतूनं गोल आकाराचा कंट्रोलर काढला. त्याच्या कळा काढून, बदलून लावता येतात. आमच्या दादाला त्यांची गरज पडली नाही, एक उशी आणि सेटिंगमधला एक बदल पुरला. पण ज्या घरात पोराचा एक हात जन्मतः अधू आहे, किंवा पक्षाघातानंतर कुणाची एकच बाजू चालते, त्या घरांना असं काही मिळतं एवढं माहीत असावं.

'सुटीत पोरांना काय घेऊन देऊ?' असं मैत्रिणी मला विचारतात, म्हणून चार गोष्टी सांगते. आधी पोर कोणता खेळ खेळतं ते बघा, जाहिरात बघू नका. घरात एकाहून जास्त खेळणारे असतील तर एका भारी वस्तूपेक्षा दोन साधे कंट्रोलर बरे. दुकानात वस्तू हातात धरून बघायला मागा. लहान हाताला मोठा माऊस पेलत नाही, आणि मनगट वाकडं ठेवून तासन् तास खेळलं की ते दुखायला लागतं. आणि विकत घेण्याआधी सेटिंग उघडून बघा, पुष्कळदा अडचण तिथेच सुटते.

सराव झाला की मराठीत हात 'बसतो'. कन्नडमध्ये 'पळगिद कै' म्हणतात, म्हणजे माणसाळलेला हात. बुजलेलं जनावर हळूहळू जवळ येतं, तसा. मला दोन्ही शब्द आवडतात, पण त्या रविवारी कन्नड शब्द जास्त खरा वाटला.

पुतण्या हुबळीला परत गेला, कंट्रोलर इथेच ठेवून. महिनाभरात त्याची डावी स्टिक बिघडली. अंगठा न लावता गाडी आपोआप एका बाजूला जायला लागली. दादानं ऐकलं आणि म्हणाला, "पोटेन्शिओमीटर घासला असेल, जुन्या रेडिओचं बटण खरखरतं तसं." पुढच्या रविवारी तो बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून दोघं बसले. स्क्रू दादा फिरवत होता, कंट्रोलर चिरंजिवांनी धरला होता. दादाचा डावा हात टेबलावर दिव्याखाली होता, सुटे झालेले स्क्रू करंगळीनं एका बाजूला गोळा करत. टॉवेल खुर्चीच्या पाठीवर पडलेला होता.